मुंबईच्या उन्हाळ्यात सोसायटीचं लॉन कसं जगवायचं

घाटावरचा शेतकरी ज्या गवताला शिव्या घालत जन्म काढतो, तेच गवत आपण मुंबईत चौरस फुटाच्या भावाने विकत आणतो. हरळी. शेतात शिरली की नांगरा, वेचा, बांधावर वाळत टाका, चार सरी पडल्या की पुन्हा हजर. चिवट माणसाला ‘हरळीची मुळी’ उगाच म्हणत नाहीत. मग हीच हरळी आपल्या सोसायटीत एप्रिल उजाडला की मरते कशी? सात उन्हाळे बाग समितीत काढल्यावर माझं मत असं झालंय की ती बहुतेक वेळा मरतच नाही, झोपते. आणि खरोखर मरते तेव्हा उन्हापेक्षा आपलाच हात त्याला जास्त कारण असतो.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्या गळ्यात यंदाच्या सर्वसाधारण सभेत ‘तुम्हाला आवड आहे ना, मग तुम्हीच बघा’ म्हणून बाग पडली आहे. माझ्याही गळ्यात ती अशीच पडली. तेव्हा मला लॉन आणि लव्हाळा यातला फरक कळत नव्हता.

एक गोष्ट मनाशी पक्की करून सुरुवात करा. मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. ऑक्टोबरात तो परतला की पुढचे आठ महिने आभाळाकडून काही मिळणार नाही असंच धरून चालायचं. म्हणजे कोरडा काळ हा आपल्याकडचा अपवाद नाही, वर्षाचा मोठा भाग तोच आहे. त्याची तयारी मार्चमध्ये गवत पिवळं पडल्यावर करून भागत नाही, दिवाळीनंतर लगेच सुरू करावी लागते.

आधी गवत आणि माती ओळखा

मुंबईच्या सोसायट्यांत साधारण तीन तऱ्हेचं गवत दिसतं. पहिलं हरळीच्या घराण्यातलं. नर्सरीवाले त्याला ‘सिलेक्शन वन’ किंवा ‘बरमुडा’ म्हणतात. पान बारीक, कांड्या जमिनीला धरून पळणाऱ्या, ऊन भरपूर लागतं. दुसरं ‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ नावाने विकलं जाणारं, मखमली, उशीसारखे फुगवटे धरणारं, वाढीला संथ. तिसरं रुंद पानाचं, सावलीसाठी म्हणून लावलेलं. खुरप्याने मूठभर गवत मातीसकट उचलून पाहा. मातीच्या आत पांढऱ्या, गाठी असलेल्या कांड्या दिसल्या तर तुमचं गवत पाण्याविना काही आठवडे तग धरेल, कारण त्याची शिदोरी त्या कांड्यांत असते. रुंद पानाच्या गवताच्या कांड्या मातीच्या वरच पसरतात, त्यामुळे ते लवकर हार खातं. पाणी कमी असेल तेव्हा आधी त्याला द्यायचं.

मग माती. बाग जमिनीवर असेल तर तुम्ही नशीबवान. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर असेल, तर लाल मातीचा थर बऱ्याचदा वीतभर-दीड वीतच असतो. खालून स्लॅब तापतो, वरून ऊन, आणि मुळांना खाली जायला जागा नाही. पुढे मी पाण्याचं जे वेळापत्रक देते आहे ते जमिनीवरच्या बागेचं आहे. पोडियमवर तेवढंच पाणी दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या. एकदम ओतलंत तर ते मुळांना ओलांडून खाली कोणाच्या तरी गाडीच्या काचेवर ठिबकेल आणि सेक्रेटरींचा फोन येईल.

आणि पर्जन्यवृक्षाच्या किंवा सोनमोहराच्या गच्च सावलीत लॉनचा हट्ट सोडा. झाडाची मुळं पाणी आधी पितात, पानं ऊन अडवतात, गवताच्या वाट्याला काहीच येत नाही. तिथे पालापाचोळ्याचा थर पसरा आणि दोन बाकं टाका. ज्येष्ठ मंडळी दुवा देतील.

पाणी कुठलं?

इथे मी जरा हट्टी आहे. नळाचं, पिण्याचं पाणी लॉनला घालायचं नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार तेवढे शहरात आहेत, बाकीचं पाणी शंभर-शंभर किलोमीटरवरून येतं. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका हंडे लावून उभ्या असतात. २०१६ च्या दुष्काळात तर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते, आणि वाद होता तो मैदानांना लागणाऱ्या पाण्याचाच. तिथे आपल्या दीड हजार चौरस फुटांचा काय पाड?

मग उरतं काय? मोठ्या नव्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी प्रकल्प असतो. तो नीट चालत असेल तर त्याचं पाणी लॉनसाठी उत्तम, थोडं पोषणही त्यात असतं. वास येत असेल तर आधी प्लांट चालवणाऱ्याला धरा, पाणी वापरू नका. हे पाणी तुषारांनी हवेत उडवू नये. पाइप जमिनीलगत धरून द्यावं, आणि गवत सुकेपर्यंत मुलांना त्यावर लोळू देऊ नये.

बोअरवेल असेल तर एकदा पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. छोटं मीटर प्लंबरकडे असतंच. खाडीजवळच्या किंवा समुद्रालगतच्या भागात बोअरचं पाणी मचूळ असू शकतं. आकडा हजारच्या पुढे गेला की सावध व्हा. अशा पाण्याने पानांची टोकं करपतात आणि मातीवर पांढरट पापुद्रा धरतो. लोक हे बघून म्हणतात ‘पाणी कमी पडतंय’, आणि तेच खारट पाणी आणखी घालतात! अशा वेळी महिन्यातून एकदा गोडं पाणी मिळवून जमीन चांगली भिजवायची, म्हणजे साठलेलं मीठ मुळांच्या खाली धुऊन जातं. आरओ फिल्टरच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं तसंच आहे. त्यात क्षार एकवटलेले असतात. दुसऱ्या पाण्यात मिसळून चालेल, नुसतं रोज नको. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र निर्धास्त वापरा. मुंबईच्या दमट हवेत एका खोलीतून एका रात्रीत अर्धी बादली सहज मिळते. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी नको. त्यातल्या सोडियमने माती घट्ट होते.

पाणी किती? वाटीने मोजा

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडलं की जमिनीवर एक मिलिमीटर पाणी झालं. दीड हजार चौरस फूट म्हणजे साधारण १४० चौरस मीटर. मुळांपर्यंत भिजायला एका वेळी सुमारे २० मिलिमीटर लागतं, म्हणजे २,८०० लिटर. आता तुमचा पाइप १५ लिटरच्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. आमची बादली ५० सेकंदांत भरायची, म्हणजे मिनिटाला १८ लिटर. २,८०० लिटरला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. आणि आमचे माळीकाका रोज संध्याकाळी वीस मिनिटं पाइप धरून उभे राहायचे. वीस मिनिटांत ३६० लिटर, म्हणजे अडीच मिलिमीटर. त्यात धूळ बसते, मातीचा सुवास सुटतो, खुर्चीवर बसलेल्या मंडळींना बरं वाटतं. मुळांना काही पोहोचत नाही. उलट रोज वरवर ओल मिळाल्याने मुळं वरच्या दोन बोटांतच राहतात आणि एक दिवस टँकर चुकला की सगळं लॉन मान टाकतं. त्यात काकांचा दोष नाही. त्यांना तेच सांगितलेलं होतं.

तेव्हा रोज थोडं देणं बंद. मार्च ते मेमध्ये आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा, पण खोल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दहा-बारा दिवसांनी एकदा बस होतं, कारण तेव्हा ऊन सौम्य असतं आणि पहाटे दवही पडतं. रोजच्या पाण्यावर पोसलेलं लॉन एकदम आठवड्याच्या पाळीवर आणू नका. डिसेंबरात एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग पाच, असं महिना-दीड महिन्यात अंतर वाढवा. मुळं पाण्याच्या मागे खाली उतरतात.

स्प्रिंकलर असेल तर स्टीलच्या सहा-सात सरळ कडांच्या वाट्या लॉनवर लांब लांब ठेवून पंधरा मिनिटं चालू करा. मग प्रत्येक वाटीत पट्टी बुडवून पाणी मोजा. एका वाटीत आठ मिलिमीटर आणि दुसरीत दोन, असं हमखास निघतं. जे कोपरे ‘कायम वाळतात’ ते का वाळतात हे तिथेच कळतं. तोटी फिरवा, नळ्या साफ करा. पैसे खर्च करायच्या आधी हे करा.

पाणी पुरेसं मुरलं का, हे बघायला पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. वीतभर सहज गेला तर ठीक. दोन इंचांवर अडला तर पाणी वरच राहिलंय किंवा माती दगड झाली आहे. आणि पुढचं पाणी कधी, हे कॅलेंडरपेक्षा गवतालाच विचारा. लॉनवरून चालत जा आणि मागे वळून बघा. पावलाखालचं गवत लगेच उभं राहत असेल तर थांबा. ठसे तसेच राहिले, रंग हिरव्याचा निळसर राखाडी झाला, पानं सुरळीसारखी दुमडली, की दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी.

वेळ

पहाटे पाच ते सात. वारा पडलेला असतो, ऊन नसतं, पाणी मुरायला वेळ मिळतो. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की तुषार अर्धे रस्त्यावर. रात्री पाणी देऊ नका, आपल्या दमट हवेत पानं रात्रभर ओली राहिली की बुरशीला आवतणच. पण टँकरच संध्याकाळी येत असेल तर? मग पाचच्या सुमारास, अंधाराआधी पानं सुकतील अशा बेताने द्या. सगळं शास्त्राप्रमाणे करायला मिळालं असतं तर बाग समितीची गरजच पडली नसती.

पाणी वाहून गटारात जाऊ लागलं की बंद करा, अर्धा तास मुरू द्या, मग पुन्हा सुरू करा. सुकलेली लाल माती पहिलं पाणी झटकून टाकते. एकदा ओलसर झाली की मग पिते.

मशीन कमी मारा

उन्हाळ्यात लॉन गुळगुळीत कापायचं नसतं. हरळीची उंची एरवी इंचभर ठेवत असाल तर फेब्रुवारीपासून दीड इंचावर न्या. उंच पानं स्वतःच्याच मुळांवर सावली धरतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, आणि पातं धारदार हवं. बोथट पात्याने गवत फाटतं, टोकं पांढरी पडतात आणि त्या जखमेतून पाणी उडतं. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या. कंत्राटदाराचा माणूस ते पोत्यात भरून नेतो कारण ‘स्वच्छ दिसलं पाहिजे’ असा आपलाच आग्रह असतो. ते दोन-तीन दिवसांत सुकून मातीवर पातळ पांघरूण होतं. गठ्ठे मात्र राहू देऊ नका, त्याखाली गवत कुजतं.

कंत्राटात ‘आठवड्याला एक कटिंग’ लिहिलेलं असतं म्हणून एप्रिलमध्येही मशीन फिरवणारे मी पाहिले आहेत. न वाढलेलं गवत कापून काय मिळतं?

खत: माझी चूक

पहिल्या वर्षी, एप्रिलच्या मध्यावर, गवत पिवळं दिसलं म्हणून मी दोन किलो युरिया आणला आणि हाताने फेकला. त्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशी जिथे जिथे मूठ पडली होती तिथे तिथे करपलेले डाग, पाच बोटांच्या आकारासकट. गवत पिवळं होतं कारण ते पाण्यासाठी थांबलं होतं, आणि मी त्याला वाढ म्हणत होते. मार्च ते पाऊस लागेपर्यंत युरियासारखं नत्राचं (नायट्रोजनचं) कोणतंही खत नाही, हा नियम मी त्यानंतर समितीच्या फळ्यावरच लिहून ठेवला.

द्यायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमिनीत ओल असताना. तेव्हा थोडं पालाश (पोटॅश) मिळालं तर गवत ताण जास्त सोसतं. फेब्रुवारीत चाळलेलं गांडूळखत, लाल माती आणि वाळू मिसळून अर्ध्या सेंटीमीटरचा थर पसरून झाडूने पानांत झिरपू द्या. त्याआधी जिथे मुलं क्रिकेट खेळतात तिथली माती सैल करा. लोखंडी काटा किंवा टोकदार सळई बोटभर-दोन बोटं खोल, वीत-वीत अंतराने खुपसत जायचं. कंटाळवाणं काम आहे. आम्ही एका रविवारी मुलांनाच लावलं आणि वर वडापाव दिले. पाणी नंतर तिथे उभं राहिनासं झालं.

झोपू द्यायचं ठरवलंत तर

पाणी खरंच नसेल, तर एप्रिलच्या सुरुवातीलाच ठरवा: जगवायचं की झोपवायचं. मधलं काही करू नका. पंधरा दिवस कोरडं, मग एकदा टँकरचं भरपूर पाणी, गवत कोंब काढतं, पुन्हा पंधरा दिवस कोरडं, यात कांड्यांतली शिदोरी संपते आणि मग ते खरंच मरतं. झोपवायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा, फक्त १० मिलिमीटर, कोंब न फुटता कांड्या जिवंत राहण्यापुरतं. रंग तपकिरी होईल. नोटीस बोर्डावर आधीच एक कागद लावा: ‘लॉन मेलेलं नाही, जूनमध्ये हिरवं होईल.’ नाहीतर रोज चार जण विचारतील आणि पाचवा स्वतःच पाइप सोडेल.

या काळात लॉनवर वावर बंद. वाळलेलं गवत तुडवलं की त्याचे वरचे कोंबच मोडतात. वाढदिवसाचे मंडप, खुर्च्या, सतरंज्या पार्किंगमध्ये. आणि शिमग्याला होळी लॉनवर पेटवू नका, कोणी कितीही ‘दरवर्षी इथेच असते’ म्हणालं तरी. आमच्याकडे एकदा पेटवली. त्या काळ्या गोलातली वरची माती खरवडून बदलावी लागली, तरी ती जागा पाऊस येईपर्यंत बोडकीच राहिली.

जिवंत आहे की नाही हे तपासायला तपकिरी गवताचा झुबका धरून ओढा. घट्ट बसला असेल तर झोपलंय. सहज हातात आला आणि कांड्या ठिसूळ असतील तर गेलं. आणि सतरंजीसारखं उचललं गेलं तर खाली माती उकरून बघा. पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या अळ्या असतील तर ती हुमणी, मुळं खाणारी. साळुंक्या एकाच जागी चोच मारत बसल्या असतील तर तीच खूण. चौरस फुटात दोन-चार सापडल्या तर हाताने वेचा. खूप असतील तर जाणकाराला बोलवा, फवारणी आपल्या मनाने नको, मुलं खेळतात.

ताटाएवढा गोल डाग, मध्ये करपलेला आणि कडेला गर्द हिरवा, हे कुत्र्याच्या लघवीचं काम. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर डाग पडत नाही. नंतर कितीही ओता, उपयोग नाही. कुत्रा कोणाचा यावर सभा घेऊ नका, मी घेतली आहे.

लव्हाळा मात्र कोरड्या दिवसांतही डोकं वर काढतो. वरून उपटला तर खालच्या गाठी तशाच राहतात आणि एकाचे तीन होतात. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, माती मऊ असताना, खुरप्याने गाठीसकट काढा.

पाऊस आल्यावर

मुंबईत मान्सून पोहोचायची सरासरी तारीख ११ जून. त्याआधीच्या वळवाच्या एका सरीवर विश्वास ठेवून नवं लॉन लावू नका. नर्सरीवाले मेमध्ये ‘शेवटचा स्टॉक’ म्हणून गळ्यात मारतात. पाऊस स्थिर झाला की मोकळ्या जागांत आपल्याच लॉनच्या मुळं असलेल्या कांड्या वीत-अर्ध्या वीत अंतरावर खोचा. हरळीला विकतचं कार्पेट क्वचितच लागतं, दोन महिन्यांत ती जागा स्वतःच भरून काढते. पहिले दोन-तीन आठवडे मशीन नाही, खतही नाही, नव्या पानांना उभं राहू द्या. मग हलकं खत, आणि तेही उघडीप बघून, नाहीतर सगळं नाल्यात.

आणि गणपतीच्या आधीचा आठवडा मशीन बंद ठेवायचं, हे माळीकाकांना आत्ताच सांगून ठेवा. दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि तीन पानांच्या दूर्वा कापलेल्या लॉनवर मिळत नाहीत, आणि एकवीसची जुडी कमी पडली म्हणून सकाळी सहा वाजता दार वाजतं ते बाग समितीचंच.